सोसायटी प्रमुखांना पत्र: अंधार पडल्यावर बिनदिव्याची सायकल गेटबाहेर नको

आदरणीय प्रमुखसाहेब आणि कमिटीचे सगळे मेंबर,
स.न.वि.वि.

काका, खरं तर ग्रुपवरच लिहिणार होते, पण तिथे गुड मॉर्निंगची फुलं आणि पार्किंगची भांडणं ह्यात कुठलाही मुद्दा दहा मिनिटांत वर सरकून गायब होतो. म्हणून नीट पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, चहा घेऊन वाचा.

मागच्या आठवड्यात बेसमेंटच्या रॅम्पजवळ काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. सी टॉवरमधला मुलगा ट्युशनहून बिनदिव्याच्या सायकलवर येत होता, खालून गाडी वर चढत होती, पोरगं थोडक्यात वाचलं, कोपर खरचटलं एवढ्यावर निभावलं. नंतर दोन दिवस ग्रुपवर तुफान! गाडीवाले म्हणतात तो एकदम समोर आला, मुलाचे वडील म्हणतात गाडी जोरात होती, मग कोणीतरी तीन वर्षांपूर्वीचं भांडण उकरून काढलं आणि मूळ विषय गेला बाजूला. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. गाडीवाल्यांना तो खरंच दिसला नाही, आणि मुलाला गाडीचा उजेड आधीच दिसला होता, त्यामुळे त्याने धरून चाललं की मला ते दिसतायत म्हणजे त्यांनाही मी दिसत असणार. बिनदिव्याची सायकल चालवणारा प्रत्येक माणूस हेच धरून चालतो. "मला रस्ता दिसतो की, दिवा कशाला?" हे मी पोरांकडून ऐकलंय, इस्त्रीवाल्या भाईंकडून ऐकलंय आणि, राग मानू नका, कमिटीतल्या एका मेंबरकडूनही ऐकलंय. दिसतो रस्ता, मान्य. बडोद्यात, आपल्या मांजलपूरमध्ये स्ट्रीटलाइट आहेत, आपण काही जंगलात राहत नाही. पण शहरात सायकलचा दिवा रस्ता बघायला लागतच नाही फारसा, तो समोरच्याला आपण दिसावं म्हणून लागतो.

आणि हल्ली तर जास्तच लागतो. एप्रिल 2017 पासून देशात नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू झालं की आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही. म्हणजे रात्री रस्त्यावर स्कूटर, बाइक, रिक्षा, गाड्या सगळे उजेडात चमकत असतात, त्यात एकच गोष्ट काळीकुट्ट, ती म्हणजे सायकल. गाडी चालवणाऱ्याचे डोळे त्या चकाकीला सरावलेले असतात, तो दिवे शोधतो, माणसं शोधत नाही. ताशी चाळीसच्या स्पीडने चाललेली गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते, आणि "अरे कोणीतरी आहे" हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांची शिफ्ट सुटते त्या वेळी मेन रोडवर उभं राहून बघा एकदा, किती कामगार सायकलवर येतात आणि त्यातल्या किती जणांच्या मागे लाल ठिपका दिसतो. मला दर वेळी धडकी भरते.

आता "रिफ्लेक्टर आहेत ना" ह्याचं उत्तर, कारण मीटिंगमध्ये हे येणारच. आहेत, 2023 पासून नवी सायकल रिफ्लेक्टर लावूनच विकायची असा केंद्राचा नियम आहे, पुढे-मागे, चाकात, पेडलला. चांगलीच गोष्ट आहे, पेडलचे रिफ्लेक्टर तर मला फार आवडतात, वरखाली होताना दिसले की लांबूनच कळतं ही सायकल आहे. पण रिफ्लेक्टर स्वतः पेटत नाही, त्याच्यावर कोणाचा तरी उजेड पडला तरच तो उजेड तो आल्या वाटेने परत पाठवतो. आता आपल्या रॅम्पचा विचार करा. गाडी चढ चढून वर येते तेव्हा तिचं तोंड वर असतं, हेडलाइटचा झोत जातो समोरच्या गुलमोहराच्या शेंड्यावर, सायकल असते त्या झोताच्या खाली आणि तीसुद्धा आडवी. रिफ्लेक्टरवर उजेडच पडत नाही! शेवटच्या क्षणी गाडी सरळ होते आणि झोत खाली येतो, तोवर पोरगं बोनेटसमोर. तिथे काम करणार तो फक्त स्वतः पेटलेला दिवाच. शिवाय पायी चालणाऱ्यांकडे कुठे हेडलाइट असतो, बी टॉवरच्या आजी रात्री जेवून शतपावलीला उतरतात त्यांना अंधारातून सुसाट येणारी सायकल कशी दिसावी? बेल मारायचीही पद्धत उरली नाही.

दिवे आहेत ते तरी नीट लावलेत का, तर तेही नाही. मी परवा स्टँडमध्ये जाऊन एकेक सायकल बघितली (वॉचमनकाका बघत होते की ह्या बेन काय शोधतायत). मागचा दिवा बहुतेकांनी सीटच्या दांड्याला लावलाय, दुकानदार तिथेच लावून देतो. पण पोरांच्या पाठीवरची बॅग सीटच्या मागे लोंबते आणि दिवा तिच्यामागे झाकून जातो, आपल्या स्वयंपाकाच्या बेनची ओढणी आणि कॅरिअरवरची पिशवी तेच करते. दिवा कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला नाहीतर मडगार्डवर पाहिजे, ज्याच्या मागे काहीच येणार नाही असा. दोन सायकलींच्या दिव्यातले बटणसेल गंजून हिरवे झालेले. एकाने तर पुढे लाल दिवा लावलाय, का तर कूल दिसतो. अरे बाबा, लाल म्हणजे पाठ! समोरून येणाऱ्याला वाटणार ही सायकल पुढे चाललीय, आणि ती असते त्याच्याच अंगावर येत. पुढे पांढरा, मागे लाल, ह्यात कसली फॅशन नाही करायची. चाकात रंगीबेरंगी लायटिंग करणाऱ्यांना माझी हरकत नाही, उलट बाजूने दिसायला बरी पडते, पण ती वरची भर समजायची.

पुढच्या दिव्याचं अजून एक. ऑनलाइन मिळणारे काही दिवे इतके जबरदस्त असतात की समोरचा माणूस दोन मिनिटं आंधळा होतो, असा दिवा हँडलला आडवा सरळ रोखून ठेवायचा नाही, थोडा खाली झुकवायचा, आपल्यापुढच्या काही मीटर रस्त्यावर पडेल असा. गाडीवाले अप्पर मारतात म्हणून आपण त्यांना शिव्या घालतो आणि सायकलवर तेच करतो. मागचा लुकलुकता ठेवला तर लक्ष पटकन जातं पण नुसत्या लुकलुकत्या दिव्याचं अंतर नीट कळत नाही, त्यामुळे जमलं तर एक लुकलुकता आणि एक स्थिर, नाहीतर सरळ स्थिरच ठेवा. मोबाइलचा टॉर्च हातात धरून एका हाताने सायकल चालवणं ह्याला दिवा म्हणत नाहीत, हे मात्र मुलांना कमिटीच्या लेटरहेडवर कळवायला हवं.

गंमत बघा, आमच्या वडिलांच्या वेळेला ही चर्चाच नव्हती. ते सांगतात, सायकलला बत्ती नसली की चौकात पोलीस अडवायचा, चाकातली हवा सोडायचा आणि मग मांडवीपासून घरापर्यंत सायकल हातात धरून चालायचं. डायनमो होता, मागच्या टायरवर घासत घर्र घर्र करायचा, चढावर पाय भरून यायचे आणि सिग्नलला थांबलं की दिवा गुल, तरी लोक लावायचे. आणि आता पंधरा हजारांची गिअरवाली सायकल येते, डिस्क ब्रेक, जाड टायर, पुढे सस्पेन्शन सगळं असतं, फक्त दिवा नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. दिवा लावायला जागाच ठेवलेली नाही कंपनीने. सायकलला आरटीओ नाही, नंबरप्लेट नाही, पीयूसी नाही, कोणी विचारणारं नाही. म्हणून म्हणते, बाहेर कोण काय करतं ते सोडा, आपल्या गेटवर आपण विचारू शकतो.

आता कसं विचारायचं, इथे माझं आणि सेक्रेटरीसाहेबांचं जमत नाही, त्यांना मी तोंडावर सांगितलंय म्हणून इथेही लिहिते. त्यांचं म्हणणं, सरळ दंड लावा, शंभर रुपये, सगळे सुतासारखे सरळ होतील. काका, दंड कोणाला बसणार सांगा? गेटवर वॉचमन कोणाला अडवणार? आपल्या टॉवरमधल्या मुलांना अडवायची त्याची हिंमत नाही, तो अडवणार दूधवाल्याला, इस्त्रीवाल्या भाईंना, कामाला येणाऱ्या बेन लोकांना. ज्यांच्या दिवसाच्या कमाईत शंभर रुपये म्हणजे भाजी आणि तेल आहे त्यांच्याकडून आपण पैसे घेणार, आणि गिअरवाले सुटणार. आणि वॉचमनकाकांचं काय? ते स्वतः रात्री आठला ड्युटीवर सायकलने येतात, दिवा नाही. पेपरवाला पहाटे साडेपाचला येतो, जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर उगवतो, म्हणजे त्याचा अख्खा धंदा काळोखातला. नियम "रात्री" असा लिहू नका, अंधार असताना असा लिहा, नाहीतर पहाटेचे सगळे सुटतील. सकाळच्या शाळेची मुलं थंडीत साडेसहाला निघतात, तीही त्यातच आली.

बडोद्याच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही खरं. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते मोफतही केलं. फी घ्यायची आणि वर शाळेत आलाच पाहिजे असं दटावायचं, असला प्रकार नव्हता. आपणही तसंच करू, आधी दिवा हातात देऊ आणि मग सक्ती. पुढचा-मागचा मिळून साधा एलईडी सेट बाजारात काही शे रुपयांत येतो, एकदम घेतले तर सायकलवाला अजून कमी करेल. रोज सोसायटीत कामाला येणाऱ्यांना सोसायटी फंडातून द्यायचे, त्यांना स्क्रूने घट्ट बसणारे, सेल बाहेर कुठेही मिळतील असे, कारण चार्जिंगचे दिवे त्यांनी चार्ज कुठे करायचे? मुलांचे आईबापांनी घ्यायचे, ट्युशनला जेवढी फी भरतो त्यात हे दिसणारही नाही. मुलांना रबराच्या पट्टीने अडकवायचे चालतील, फक्त सायकल लावली की दिवा काढून खिशात टाकायची सवय लावा, स्टँडमधून दिवे उडतात हे आपल्याला माहीत आहे आणि कोण उडवतं हेही अर्ध्या सोसायटीला माहीत आहे, असो.

गेटवर केबिनमध्ये चार-पाच जादा दिवे ठेवायचे. दिवा विसरला, सेल संपला, तर वॉचमनकाका एक देणार, वहीत फ्लॅट नंबर लिहिणार, दुसऱ्या दिवशी परत. अडवून परत पाठवायचं नाही, विशेषतः मुलींना रात्री गेटवर ताटकळत तर ठेवायचंच नाही. पहिला महिना फक्त टोकायचं. त्यानंतर एकाच फ्लॅटचं नाव वहीत वारंवार यायला लागलं तर खुशाल दंड करा, पण फ्लॅटधारकाला, मेंटेनन्सच्या बिलात चढवून, मुलाला गेटवर लाज काढून नाही. त्यासाठी जनरल बॉडीत ठराव लागेल, तो मी मांडते, अनुमोदन द्यायला ए टॉवरमधले दोघं तयार आहेत. आणि पहिल्या दिवशी कमिटी मेंबरांच्या घरच्या सायकली तपासा, म्हणजे पुढे कोणी तोंड उघडणार नाही.

घाई एवढ्याचसाठी की नवरात्र तोंडावर आलंय. नऊ रात्री अर्धी सोसायटी गरब्याला, मोठी मुलं-मुली चारचाकीत मावत नाहीत म्हणून सायकली काढतात आणि मध्यरात्रीनंतर थव्याने परत येतात, दमलेली, गात, रस्ताभर पसरून. मी मागच्या वर्षी एकीला दिव्याचं विचारलं तर म्हणते "काकी, चणियाचोळीला एवढे आरसे आहेत, चमकतात की!" हसले मी, पण रिफ्लेक्टरचं जे तेच आरशांचं. नवरात्राआधी दिवे आले पाहिजेत. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर संक्रांत येईल, आणि तेव्हा उत्तरायणच्या मांज्यापुढे कोणाला दिव्याचं सुचणार नाही.

तर येत्या रविवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्या, शेवटी नको, शेवटी सगळे उठून जातात. मला दहा मिनिटं पुरतील. दोन-तीन प्रकारचे दिवे आणि भाव घेऊन येते, लाइट बंद करून हॉलमध्ये दाखवते म्हणजे बोलण्यात वेळ जाणार नाही. खरेदी आणि वाटप मी आणि बी टॉवरच्या दोघी बघू, कमिटीने फक्त मंजुरी आणि चेक द्यायचा.

कळावे,
आपली,
बी टॉवर, तिसऱ्या माळ्यावरची रहिवासी

ता.क. रॅम्पच्या तोंडावरची ट्यूब पावसाळ्यापासून बंद आहे, इलेक्ट्रिशियन दोनदा बघून गेला. सायकलवाल्यांना नोटीस लावायच्या आधी ती बदलून घ्या, आणि वळणावर तो गोल आरसा लावायचं मागच्या एजीएममध्ये ठरलं होतं त्याचं काय झालं तेही रविवारी सांगा.