जनावर वाटले, पुढे काय?

संपादक महोदय,

ग्रामीण मुलामुलींना शेळी देऊन जबाबदारी शिकवणारे उपक्रम हवेतच, पण बरेचसे वाटपाच्या फोटोपाशीच थांबतात. खरे शिक्षण नंतरच्या नोंदवहीत असते. चारा, खर्च, जंतनाशकाची तारीख व मात्रा आणि दर पंधरवड्याचे वजन मुलाने स्वतः लिहावे. वजन सकाळी, चारा देण्याआधी घ्यावे. भरल्या पोटीचा आकडा फसवा असतो.

नवी शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी. खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. वजन लवकर भरावे म्हणून एकदम धान्य घातले, की पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो आणि जनावर दगावूही शकते. खालची पापणी ओढून बघायला प्रत्येकाला शिकवावे: आतला भाग लालसर-गुलाबीऐवजी पांढुरका दिसला तर रक्त कमी आहे, बहुधा जंतांमुळे. करडाला जन्मानंतर पहिल्या तासाभरात चीक, म्हणजे व्यालेल्या शेळीचे पहिले दाट दूध, मिळालाच पाहिजे. 2 किलोच्या करडाला 24 तासांत सुमारे 200 मिली, तीन-चार वेळा विभागून.

नेतृत्व भाषणस्पर्धांनी येत नाही. मुलांच्या गटाच्या दर बैठकीला अध्यक्ष आणि इतिवृत्त लिहिणारा बदला, नाहीतर तीच दोन धीट मुले बोलत राहतात. हिशेब सर्वांसमोर वाचला जावा.

आणि एक कळकळीची विनंती: आईवडिलांनी पहाटेचे काम परस्पर उरकू नये. विक्रीचा पैसाही ज्याने किंवा जिने जनावर सांभाळले, त्याच्याच नावे जमा व्हावा.

आपले,
पशुपालन प्रशिक्षक