'न्हाई'चं 'नाही' करू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तरी पावसाचा पत्ता नव्हता. एका दुपारी मुलांना म्हटलं, तुमच्या घरी सध्या काय चाललंय ते चार ओळींत लिहा, यमक नाही जुळलं तरी चालेल. तिसरीतल्या एका मुलीनं लिहिलं :

पाऊस आला न्हाई
बा आभाळाकडं बघतो
आय बाकडं बघती
मी दोघांकडं बघती

मी वही हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मग त्या ओळी एका दैनिकाच्या बालपुरवणीला पाठवल्या. (आपलं दैनिक नव्हे.) महिन्याभरानं छापून आलं ते असं :

कधी येशील रे पावसा
बाबा बघती आकाशा
आई म्हणे धीर धरा
येतील आता पाऊसधारा

खाली तिचं नाव, इयत्ता, गाव सगळं बरोबर होतं. मी हौसेनं कात्रण वर्गात नेलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बाई, ह्ये म्या न्हाई लिवलं." तिची आई 'धीर धरा' म्हणालीच नव्हती. ती नुसती बघत होती, आणि पोरीनं नेमकं तेच टिपलं होतं.

ज्यांनी हे केलं त्यांचा हेतू चांगलाच असणार, याबद्दल मला शंका नाही. मुलांची कविता म्हणजे तिला यमक हवं, ती गोड हवी, शेवटी आशा हवी आणि भाषा पुस्तकातली हवी, हे आपल्या सगळ्यांच्याच मनात पक्कं बसलंय. आम्ही शिक्षकही त्यात आलो. कविता शिकवायची म्हणजे आम्ही चाल लावून म्हणून घेतो, 'यमक जुळणारे शब्द लिहा' हा स्वाध्याय करून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. मग मुलाला कविता लिहायला सांगितलं की ते आधी 'गाणी-पाणी-राणी' जमवतं आणि त्या शब्दांना बसेल असं काहीतरी वर रचतं. ज्या पोराच्या घरी शेळी व्यायलीय, ते परीराणीवर लिहितं.

यमकाशी किंवा छंदाशी माझं भांडण नाही, उलट मुलांना मोजून मापून रचायला फार आवडतं. आमच्या वाडीतली निम्मी पोरं मंदिरात भजनाला टाळ घेऊन बसतात, त्यामुळे मोठा अभंग त्यांच्या कानात मुरलेला आहे. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. एवढं सांगितलं की सगळी खोली बोटं मोजायला लागते. चौथीतल्या एकानं रचलं : 'बाभळीचा काटा / पायात शिरला / आज्जीनं काढला / सुईनं'. शेवटी एक अक्षर कमी पडलं. त्यानं खोडून 'टाचणीनं' केलं. चार झाली, पण मागच्या बाकावरून लगेच हरकत आली, "काटा कुणी टाचणीनं काढतं का? तुझ्या आज्जीनं सुईनंच काढला की!" क्षणभर शांतता, आणि मग तिघं-चौघं एकदम ओरडले, "सुईनंच! सुईनंच! चार!" अक्षरंही बसली आणि खोटंही लिहावं लागलं नाही. एका 'च'साठी पाव तास गेला. भाषेच्या तासाचं याहून चांगलं काय होऊ शकतं, मला माहीत नाही.

सगळ्यांच्या हातून असं काही उतरतं, असं मी म्हणणार नाही. वीसातल्या पंधरा वह्यांत 'माझी शाळा छान छान'च असतं. ते तसं असू द्यावं. त्याच मुलाला पुढच्या आठवड्यात एखादी खरी ओळ सापडते.

पहिली-दुसरीच्या मुलांना तर लिहिताच येत नाही, पण बोलता येतं. ती सांगतात, आम्ही फळ्यावर उतरवतो, अगदी त्यांच्याच शब्दांत. यात नवं काही नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या जे म्हणत गेल्या ते सोपानदेवांनी, त्यांच्या मुलानं, उतरवून ठेवलं म्हणून उरलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ते पुस्तकरूपानं आलं तेही त्यांच्याच बोलीत. तेव्हा कुणी बसून त्या गाण्यांची 'शुद्ध' मराठी केली असती तर आज आपल्या हातात काय उरलं असतं?

शुद्धलेखनाचं काय, असं सहकारी विचारतात. ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारते, मुलाला शेजारी बसवून. 'आभाळ'मधला 'ळ' उलटा काढला असेल तर तोही. पण 'आभाळ' खोडून 'नभ' लिहीत नाही. घरचा शब्द ही लिहिण्यातली चूक नव्हे. प्रमाणभाषा मुलांना आलीच पाहिजे, आणि त्यासाठी निबंध आहे, पत्रलेखन आहे, सगळं पाठ्यपुस्तक आहे. आठवड्यातला एक तास तरी घरच्या भाषेला मिळावा.

दुसरी गोष्ट स्पर्धांची. २७ फेब्रुवारी जवळ आला की मराठी भाषा गौरव दिनासाठी शाळाशाळांतून मुलांच्या कविता मागवतात. वर्षभर ज्यांनी कवितेची एक ओळ रचलेली नसते त्यांनी दोन दिवसांत 'माय मराठी'वर कविता आणायची असते. मग ती आई लिहिते, दादा लिहितो, हल्ली मोबाइलही लिहून देतो. बक्षीस त्यातल्या सगळ्यात गुळगुळीत कवितेला मिळतं, आणि स्वतः लिहिलेलं पोर हात हलवत घरी येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही शाळेत पेढे वाटले. मुलांच्या तोंडची मराठीही त्याच दर्जाची मानायला हवी. स्पर्धेऐवजी त्या दिवशी प्रत्येकानं वर्षातलं आपलं एक लेखन भिंतीवर लावावं, नंबर काढू नयेत. आम्ही दोन वर्षं तसंच करतो आहोत. गावातली माणसं येऊन वाचतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांना नातवंडं वाचून दाखवतात.

आपल्या पुरवणीत मुलांसाठी जागा असते. त्या जागेत मुलांचं लेखन न सुधारता छापावं, आणि जागेअभावी काही गाळावंच लागलं तर पूर्ण कविताच पुढच्या आठवड्यावर ढकलावी, ही माझी विनंती आहे.

त्या मुलीनं त्यानंतर पाच महिने मला काही दाखवलं नाही. वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहीत असते, मी जवळ गेले की हात आडवा धरते. वरच्या ओळी तिला विचारूनच इथे दिल्या आहेत. होकार देताना तिनं एकच विचारलं, "बदलणार न्हाईत ना?" कृपया त्या चार ओळी आहेत तशा छापाव्यात.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. माण, जि. सातारा