ते ८८ गुण माझे होते

महोदय,

परदेशी शिक्षणावरच्या आपल्या पुरवण्यांत व्हिसा, शिष्यवृत्ती, वसतिगृह असं सगळं असतं. पण प्रवेश पक्का झाल्यावर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गणिताची आणि रसायनशास्त्राची जी प्लेसमेंट परीक्षा घेतात, तिच्याबद्दल वाचल्याचं आठवत नाही. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की नोकरी. माझ्या भाचीनेही 'पहिल्याच वर्षी प्लेसमेंट!' म्हणून मला आनंदाने फोन केला होता.

ही परीक्षा कुणाला नापास करत नाही. सुरुवात कॅल्क्युलसपासून (कलनशास्त्रापासून) करायची, त्याच्या पूर्वतयारीच्या प्रीकॅल्क्युलसपासून की त्याहूनही खालून, एवढंच ती ठरवते. मी अकरावी-बारावीला २८ वर्षं गणित शिकवलं, म्हणून भाचीच्या मुलाची तयारी माझ्याकडे आली. मी काय घोळ घातला तो सांगते.

परीक्षा अ‍ॅलेक्स या गणिताची पातळी तपासणाऱ्या प्रणालीची होती. संगणकावर, जास्तीत जास्त ३० प्रश्न. आधीची उत्तरं पाहून पुढचा प्रश्न येतो. पहिला प्रयत्न घरूनच, कुणाच्या देखरेखीशिवाय. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. (बोर्डाच्या परीक्षेत सुपरव्हिजनला असताना मी कुणाला मानही वळवू दिली नव्हती!) आधी 'कंस सोडव' एवढंच पुटपुटले, मग थेट उत्तरंच सांगू लागले. शंभरपैकी ८८ आले. त्याच्या विद्यापीठात कॅल्क्युलससाठी ७६ पुरत होते. घरात आनंदीआनंद.

मला मात्र त्या रात्री झोप लागेना. गुण माझे आणि वर्गात बसणार तो. मध्ये थांबायचा ठरलेला काळ संपल्यावर त्याला पुन्हा बसवलं आणि मी खोलीबाहेर गेले. ५९.

पोरगा ढ नाही. दोन वर्षं जेईईचा क्लास केलेला, कॅल्क्युलसमधली डेरिव्हेटिव्हची सूत्रं तोंडपाठ. पण क्लासने त्याला पर्यायातली उत्तरं समीकरणात घालून बघायची सवय लावली होती, आणि इथे बहुतेक प्रश्नांना पर्यायच नाहीत, उत्तर स्वतः लिहायचं. (१/क्ष − १/३) ÷ (क्ष − ३) याला सोपं रूप द्यायचं होतं. त्याने १/(३क्ष) लिहिलं. उणे चिन्ह गेलं कुठे? वर ३ − क्ष, खाली क्ष − ३. त्याने सरळ काट मारली. १/क्षचं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढताना हीच पायरी लागते, म्हणजे पाठ केलेल्या सूत्राचा पायाच कच्चा. ऋण आणि अपूर्णांकी घातांक, लॉगचे नियम, रेडियन, सगळीकडे हीच तऱ्हा. 'मला माहीत नाही' असं बटण असतं, तेही त्याने एकदाही दाबलं नाही. न शिकलेला भाग आला की ते दाबावं, म्हणजे यंत्राला आपली खरी पातळी कळते. आपल्या मुलांना मात्र ते दाबणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं.

मग महिनाभर आम्ही नवीन काही शिकलो नाही. कॅल्क्युलेटर कपाटात, आणि आठवी ते दहावीचं बीजगणित कागदावर, एकही पायरी न गाळता.

रसायनशास्त्रात मोल आणि समीकरणं संतुलित करणं त्याला उत्तम येत होतं. अडला तो पौंडाचे ग्रॅम आणि इंचाचे सेंटिमीटर करताना, आणि सार्थ अंकांवर (उत्तरात किती अंक विश्वासाने लिहायचे यावर). १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, हे अपूर्णांकासारखं लिहून एककं काटत जायचं, एवढीच युक्ती. ती दोन संध्याकाळींत जमली.

तिसऱ्या वेळी, एकट्याने, ७४ आले. दोन कमी. विद्यापीठ सर्वांत चांगले गुण धरतं, म्हणजे ते ८८ कागदावर होतेच. तरी त्याने आपणहून प्रीकॅल्क्युलस घेतलं. एक सत्र मागे पडलं आणि एका विषयाची फी वाढली, म्हणून भाची माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

या परीक्षा बहुधा वर्ग सुरू होण्याआधी, उन्हाळ्यात असतात. त्याआधीच्या एखाद्या पुरवणीत पालकांसाठी याबद्दल अर्धं पान द्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका
(नाव छापू नये. नातवाने हे पत्र अजून वाचलेलं नाही.)