कोटा एकाचा, घाम दुसऱ्याचा

संपादक महोदय,

मी मूळचा निपाणीचा, हल्ली मुलाकडे उत्तर कॅरोलिनातल्या तंबाखूच्या मुलखात असतो. इथली 1938 पासूनची कोटा पद्धत (कोटा म्हणजे ठरावीक पौंड तंबाखू विकायचा सरकारी हक्क) 2004 च्या कायद्यानं मोडली आणि भरपाई दहा वार्षिक हप्त्यांत दिली: कोटा नावावर असणाऱ्याला पौंडामागं 7 डॉलर, पिकवणाऱ्याला 3. पैसा सिगारेट कंपन्यांकडून वसूल केला, तेवढं पटलं.

शेजारच्या म्हाताऱ्यानं जन्मभर दुसऱ्याचा कोटा खंडानं घेऊन पानं खुडली. चिकानं बोटं काळी व्हायची, साबणानंही निघायची नाहीत, म्हणतो. अगदी आमच्यासारखंच! कोटा मालकीणबाईंचा, त्या शहरात. मोठा चेक त्यांना.

1981 च्या निपाणी आंदोलनात मी होतो. आम्ही नुसता भाव मागत होतो.

— एक जुना तंबाखू उत्पादक