आईच्या लूनाच्या मिस्त्रींना

उस्तादचाचा, सलाम.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "छोड़ो बेटा" म्हणता आणि पुण्यात पाऊस कसा आहे ते विचारता. म्हणून लिहायला बसले, आणि चारचौघांदेखत लिहितेय. मराठी तुम्ही बोलत नाही, पण इंदूरच्या रामबागेत उभा जन्म काढलेल्या माणसाला ती कळत नाही असं कोण म्हणेल? आई तुमच्याशी मराठीत भांडायची, तुम्ही हिंदीत उत्तरं द्यायचात, आणि दोघांचं एकही वाक्य वाया जायचं नाही.

ज्यांनी आईला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पगाराची थकबाकी मिळाली तेव्हा, 1979 साली, सासूबाईंनी पाटल्या करायला सांगितल्या आणि ही लूना घेऊन आली. पन्नास सीसीची, पायडल मारून सुरू होणारी मोपेड. बाबांना वाड्याच्या पायऱ्या उतरायचंही जिवावर यायचं. "तू जाऊन ये, मग मला सांग," एवढंच ते म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे. बाकी अख्खा वाडा मात्र तिला अडवून विचारायचा: कुठे, कशाला, कुणासोबत, परत कधी?

तुम्ही यातलं काहीच कधी विचारलं नाहीत. तुमचा प्रश्न एकच असायचा: "कितना लंबा?"

कारण त्यावर तुमचं काम ठरायचं. राजवाड्यापर्यंत असेल तर नुसती हवा बघायची. महूपर्यंत असेल तर प्लग काढून साफ. जानापावचा चढ असेल तर सायलेन्सरमधला कार्बनही झाडायचा. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं; ऑइल जरा जास्त पडलं की प्लग काळा होतो आणि गाडी ऐन चढावर मान टाकते, हे मला दहाव्या वर्षीच पाठ होतं. इतर गॅरेजवाले बायकांना लांब उभं करायचे आणि "भाईसाब को भेजना" म्हणायचे. तुम्ही आईच्या हातात प्लगपाना दिलात. रेजमालाने प्लग कसा घासायचा, ब्रेकची वायर तुटली तर काय करायचं, सगळं शिकवलंत. तिच्या पर्समध्ये पावडरचा डबा नव्हता. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला जादा प्लग मात्र शेवटपर्यंत होता.

आणि तो शनिवार! आई नववीच्या मुलींची रांग करून तुमच्या दुकानावर आली. तुम्ही खाली पोतं अंथरून लूनाचं इंजिन उघडलंत आणि पिस्टन एकेकीच्या हातात दिलात. पस्तीसएक मुलींचे युनिफॉर्म तेलकट झाले. सोमवारी पालकांच्या तक्रारी आल्या. भूगोलाच्या बाईंना इंजिनाशी काय करायचंय, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं. आईचं उत्तर होतं, "पोहोचल्याशिवाय भूगोल कसा कळेल?" मला ते उत्तर तेव्हाही थोडं नाटकी वाटलं होतं. पण त्यातल्या दोघी तेराव्याला आल्या होत्या, आणि भूगोलाबद्दल चकार शब्द न काढता पिस्टनबद्दलच बोलत होत्या.

मांडूचं तर तुम्ही तेराव्यालाच सांगितलंत. भर श्रावणात, एकटी, लूनावर! इंदूरहून धारमार्गे जवळजवळ शंभर किलोमीटर. "मॅडम, ये लूना है, राजदूत नहीं," असं तुम्ही बजावलंत, तिने "हाओ" म्हटलं आणि पहाटे निघाली. आदल्या रात्री तुम्ही तिला न सांगता दोन्ही ब्रेकच्या वायरी बदलून ठेवल्या होत्यात. घरी तिने शिक्षकांच्या शिबिराचं सांगितलं होतं. रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसते का बघायला गेली, ढगांमुळे काही दिसलं नाही, आणि परत येऊन ती फक्त तुमच्याकडे त्याबद्दल कुरकुरली. सोबत तुमच्यासाठी मांडूची इमली आणली, ते गोरखचिंचेचं दुधीसारखं जाडजूड फळ. तुमच्या दुकानात ट्यूबांच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं ते वाळकं फळ मी लहानपणापासून पाहतेय. दृष्ट काढायचं काहीतरी असेल, असं समजत होते.

इतकी वर्षं हे पोटात ठेवलंत. आधी थोडी चिडले, मग मामाचं तोंड पाहून हसू आवरेना.

गुडघ्यांनी दगा दिल्यावरचा काळ मी भरभर सांगते, कारण आईलाही तो भरभर संपायला हवा होता. लूना विकून टाका, असं सगळे म्हणाले. तुम्ही दर रविवारी अंगणात येऊन ती स्टँडवर सुरू करायचात. इंजिन जाम होऊ नये म्हणून, असं सांगायचात. धुराने शेजारी वैतागायचे. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तेलकट-तिखट बंद केलेलं असताना तिला मुलाच्या ई-रिक्शात घालून रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला नेलंत, हे मला खोकल्यावरून कळलं. अर्धी प्लेट खाल्ली आणि लिंबू कमी आहे म्हणून दुकानदाराशी वादही घातला म्हणे. डॉक्टरांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.

आता त्या रात्रीचं. मी पुण्यात, घरी एकटा मामा. शेजारच्यांनी तुम्हाला हाक मारली. नेत्रदानाचं तिने मला सांगितलं होतं, पण बारकावे तुमच्याकडून घोकून घेतले होते, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही आल्या आल्या पंखा बंद केलात, पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्यात, डोक्याखाली उशी दिलीत. मामा म्हणाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या म्हातारीचे डोळे कोण घेणार? तुम्ही शांतपणे सांगितलंत की मोतीबिंदूचा संबंध आतल्या भिंगाशी, घेतात तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा. आणि सहा तासांच्या आत घ्यावा लागतो, तेव्हा बोलणं आवरा. मग मला फोन लावून मामाच्या कानाशी धरलात. त्याने सही केली. नेत्रपेढीची माणसं आली, वीसेक मिनिटांत काम आटोपून गेली. चेहऱ्यावर काही कळतही नव्हतं.

मी सकाळी पोहोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. गाडीत रात्रभर मला एकच भीती होती, की तिचं हे एवढं एक राहून जाईल. तुम्ही ते राहू दिलं नाहीत. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही, म्हणून नुसतेच मानते.

राहता राहिली लूना. मामा म्हणतो भंगारात घाला. त्याचं ऐकू नका. ती तुमच्याकडे राहू दे. तुमची नात येत्या वर्षी सोळाची होईल ना? पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, म्हणजे तिच्यासाठी हीच गाडी कायदेशीर आहे. आरसीची मुदत कधीच संपली आहे. रंगपंचमीला येतेय, गेरनंतर, म्हणजे रंगांची मिरवणूक झाली की, आपण दोघं आरटीओत जाऊन नूतनीकरणाचं बघू. कागद मी घेऊन येते. ब्रेकच्या वायरी तेवढ्या नव्या टाकून ठेवा, आणि या खेपेला बिल द्यायचं.

तुमच्या मॅडमची मुलगी