बाबा, आधी मोतीबिंदू

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर बाबा पुढे ढकलतायत त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आपलं भांडण होतं, आई मधे पडते, आणि मग रेंज जातेय असं सांगून बाबा फोन ठेवून देतात, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. संजूला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून. (मोठी अक्षरं का लागतात, त्यावरच पुढे बोलायचंय.)

तर बाबांनी ग्रुपवर ओळीने मेसेज टाकले. एक, अमेरिकेतल्या मोठ्या शास्त्रज्ञाने देव आहे हे सिद्ध केलं. दुसरा, आता डोळ्याचं भिंग आपोआप नवीन उगवणार, मोतीबिंदूचं ऑपरेशन इतिहासजमा. दोन्हींवर त्याच पांढऱ्या लांब केसांच्या माणसाचा फोटो, मिचिओ काकू, जपानी वंशाचा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ. आईने विचारलं ही कोण बाई काकू, आणि बाबांनी म्हणे तिला अर्धा तास स्ट्रिंग थिअरी (जगातलं सगळं सूक्ष्म थरथरणाऱ्या तारांचं बनलंय ही कल्पना) समजावली. आणि वर मला निरोप, तो तुझ्याच गावात असतो ना, ऐक जरा काय म्हणतो ते.

बाबा, मी ऐकते हो त्याला. तुमच्याआधीपासून ऐकते. इथे न्यूयॉर्कमध्ये 99.5 वर डब्ल्यूबीएआय नावाचं एक स्टेशन आहे, जाहिराती अजिबात नाहीत, सगळं श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं, त्यामुळे अधूनमधून दिवसेंदिवस नुसती वर्गणी मागत बसतात ते, आपल्याकडच्या गणपती मंडळाला लाजवतील. त्यावर काकूंचा ‘एक्सप्लोरेशन्स’ नावाचा तासाभराचा कार्यक्रम असतो. शिवाय 2006 पासून त्यांनी ‘सायन्स फॅन्टॅस्टिक’ म्हणून दुसरा सुरू केला, तो देशभरातल्या नव्वदेक कमर्शियल स्टेशनांवर लागायचा. अमेरिकेतला टॉक रेडिओ म्हणजे बहुतेक राजकारण, आरडाओरडा आणि औषधांच्या जाहिराती, आणि त्यात हा माणूस येऊन शांतपणे ब्लॅक होल सांगतोय. लोक फोन करून टाइम मशीन विचारतात, परग्रहवासी विचारतात, कोणी अगदीच खुळचट विचारतं, पण हा कोणाला हसत नाही, हे मला फार आवडतं. रेडिओवर फळा नाही, चित्र नाही, हातवारे नाहीत, आणि सांगायचं काय तर अकरा मितींचं विश्व! मग तो लहानपणची गोष्ट सांगतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी बागेत तळ्यातले मासे बघत बसायचा, आणि त्याला वाटायचं की या माशांना पाण्याबाहेर वर काही जग आहे हे कळायचा मार्गच नाही, मग आपल्यालाही तसंच काही कळत नसेल तर? गाडी चालवत ऐकताना सिग्नल हिरवा झालेला कळत नाही मला.

आई, तुला त्याच्या आईची गोष्ट सांगते. महायुद्धात अमेरिकेने इथल्याच लाख-सव्वा लाख जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांमध्ये डांबून ठेवलं होतं, त्यातल्या कॅलिफोर्नियातल्या ट्यूली लेकच्या छावणीत त्याचे आई-वडील होते. तिथेच भेटले दोघं, तिथेच मोठा मुलगा झाला. हा नंतरचा, 1947 चा. तर शाळेत असताना त्याने आईला विचारलं, मी गॅरेजमध्ये 23 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचं बीटाट्रॉन बनवू का. म्हणजे इलेक्ट्रॉनना गोल गोल पळवून वेग देणारं यंत्र. आई म्हणाली बनव की, आणि कचरा बाहेर टाकायला विसरू नकोस. हे तो स्वतः सांगतो, दर दोन-चार कार्यक्रमांनंतर सांगतो. जवळजवळ 180 किलो ट्रान्सफॉर्मरचं पोलाद आणि 35 किलोमीटर तांब्याची तार! एवढी तार गुंडाळायला घरात कुठली जागा, म्हणून नाताळच्या सुट्टीत शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर नेऊन आई-बापाला कामाला लावून गुंडाळली. आणि बाबा, यंत्र चालू केलं की 6 किलोवॅट खेचायचं आणि घरातले फ्यूज उडायचे. वीज बोर्डात जन्म काढलेल्या माणसाला यापुढे काय सांगू. त्या यंत्रापायी विज्ञान प्रदर्शनात हायड्रोजन बॉम्बवाल्या एडवर्ड टेलरची नजर त्याच्यावर पडली, स्कॉलरशिप मिळाली, 1968 ला हार्वर्ड, 1972 ला बर्कलेची डॉक्टरेट, आणि मग कितीतरी वर्षं इथल्या सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक.

आता हे सगळं ऐकलं की कोणाचाही विश्वास बसतो, आणि गोची तिथेच आहे. काकूंचं स्वतःचं काम स्ट्रिंग थिअरीतलं. 1974 मध्ये किक्कावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी स्ट्रिंग फील्ड थिअरीवर लिहिलं, ते खरं त्यांचं घर. डोळे, किडन्या, मेंदू, रोबोट हे सगळं ते बाहेरून बघून सांगतात. भविष्याबद्दलच्या 2011 च्या पुस्तकासाठी त्यांनी तीनशेवर शास्त्रज्ञांच्या मुलाखती घेतल्या, म्हणजे अंगठाछाप गप्पा नव्हेत, पण ती बातमीदारी आहे. चांगली बातमीदारी. डॉक्टरचा सल्ला नाही. ते म्हणतात ‘एक दिवस’, ‘या शतकाच्या शेवटापर्यंत’, आणि ते कराडला पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर ‘येत्या पाच वर्षांत’ झालेलं असतं.

आणि चुकतातही हो. 1997 मध्ये नासाने शनीकडे कॅसिनी यान पाठवलं, त्यात 33 किलो किरणोत्सारी प्लुटोनियम होतं, काकू त्याच्या जाम विरोधात होते, अपघात झाला तर काय म्हणून रान उठवलं होतं. यान सुखरूप गेलं, 2017 पर्यंत काम करत राहिलं. धोका विचारणं चूक नव्हतं म्हणा, पण भीती दाखवली तेवढं काही झालं नाही. 2023 मध्ये क्वांटम कॉम्प्युटरवर पुस्तक लिहिलं, तर टेक्सासचे स्कॉट ॲरनसन, ज्यांचा हाच विषय आहे, त्यांनी त्याचे पार वाभाडे काढले. क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकाच वेळी तपासून बघतो वगैरे जे रेडिओवर छान वाटतं ते तसं नसतंच, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं गणित झेपत नाही, पण ज्याचा विषय त्याचं मी आधी ऐकते.

देवाचा मेसेज तर सरळ खोटा आहे. 2016 पासून फिरतोय तो. काकूंनी स्वतः सांगितलंय की माझ्या तोंडी चुकीचं घातलं, देव आहे हेही सिद्ध करता येत नाही आणि नाही हेही नाही. आई, तुझ्या देवाला यातलं काही लागत नाही, तू रोजची पूजा कर, बाबांना पुरावा लागतोय तो त्यांचा प्रश्न.

बाबा, त्यांचीच एक गोष्ट तुम्हाला नक्की पटेल. 2008 च्या पुस्तकात त्यांनी अशक्य गोष्टींचे तीन ढीग केलेत. पहिल्यात आज जमत नाही पण निसर्गाचा नियम आडवा येत नाही अशा, जसं अदृश्य होणं, शे-दोनशे वर्षांत होईलही. दुसऱ्यात हजारो वर्षं लागतील अशा. आणि तिसऱ्यात नियमच मोडणाऱ्या, त्यात दोनच, कायम फुकट चालणारं यंत्र आणि भविष्य आधी दिसणं. रेडिओवर सदा भविष्य सांगणारा माणूस स्वतःच लिहून ठेवतो की भविष्य दिसत नाही! नारळीकर सरांनी पुण्यात ज्योतिषांची परीक्षा घेतली होती, तुम्हीच मला कात्रण पाठवलं होतं, हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ओळखायला दिल्या, 27 ज्योतिषांनी चाळीस-चाळीस पत्रिका तपासून दिल्या, आणि नाणं उडवून जेवढं जमलं असतं त्याहून बरं काही निघालं नाही. ते कात्रण जपून ठेवणारा माणूस मोतीबिंदूसाठी भविष्यावर का विसंबून बसलाय, एवढंच मला कळत नाहीये.

आता डोळ्याचं. तुमचा मेसेज हवेतून आलेला नाही, मी शोधलं. 2016 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत खरंच एक पेपर आला होता, भिंग काढताना आजूबाजूच्या मूळ पेशी जपून ठेवल्या आणि त्यांच्यापासून नवं भिंग वाढलं. पण कोणात? बारा तान्ह्या बाळांमध्ये, सगळी दोन वर्षांच्या आतली, जन्मतःच मोतीबिंदू असलेली. तुम्ही 74 वर्षांचे. त्या वयातल्या पेशी आणि तुमच्या पेशी यांच्यात केवढा फरक ते मला सांगायला लावू नका.

आणि ज्याला तुम्ही ‘जुनं कापाकापीचं ऑपरेशन’ म्हणता ना, त्याची गोष्ट काकूंच्या कुठल्याही कार्यक्रमात शोभेल अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे तुकडे घुसायचे. काच म्हणजे ॲक्रिलिक. हॅरोल्ड रिडले नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा चिडत नाही. मग 1949 मध्ये लंडनला त्याने ॲक्रिलिकचं भिंग एका बाईच्या डोळ्यात बसवलं. बाकीचे डॉक्टर खवळले, कित्येक वर्षं त्याला वेड्यात काढलं. म्हातारपणी त्या रिडलेच्याच दोन्ही डोळ्यांत तसली भिंगं बसली. मग इथे न्यूयॉर्कला चार्ल्स केल्मन, डोळ्यांचाच डॉक्टर, दातवाल्याच्या खुर्चीत बसला होता, तो दातवाला आवाजाच्या लहरींच्या यंत्राने दातावरची घाण काढत होता, आणि याच्या डोक्यात आलं की असंच थरथरवून मोतीबिंदू फोडून ओढून घेता येईल. 1967. तोच तुमचा फेको, म्हणजे हल्लीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आधी केवढी मोठी चीर घ्यायचे, आता दोन-तीन मिलिमीटर, आणि घडी घातलेलं भिंग त्यातून आत सरकवतात, ते आत गेलं की उलगडतं. आणि हे सगळं आपल्याला परवडायला लागलं ते मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांमुळे, 1992 मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून भारतातच भिंगं बनवायला घेतली, त्याआधी परदेशी भिंगाला किती पैसे लागायचे ते आजीच्या वेळी आपण बघितलंय, शेवटी तिला भिंग न घालता तो जाडा सोडावॉटर चष्माच लागला होता. आजी त्या चष्म्यातून मोठ्ठ्या डोळ्यांनी आपल्याकडे बघायची आणि पायरी चुकायची, आठवतंय ना?

‘पिकू दे, मग काढू’ हे आजीच्या वेळेला ठीक होतं. आता उलट आहे, मोतीबिंदू जितका जुना तितका कडक होतो, फोडायला जास्त जोर लावावा लागतो, डोळ्याला त्रास जास्त. आई सांगते तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतता आणि म्हणता कपच वाकडा आहे. कोल्हापूर नाक्यावर संध्याकाळी समोरच्या गाडीचा लाइट सगळा पसरलेला दिसतो हे तुम्ही संजूला बोललात, मला नाही. आणि तरीही स्कूटर सोडत नाही! काकू म्हणतात तशी स्वतः चालणारी गाडी कराडला येईल तेव्हा येईल, तोवर रात्री स्कूटर संजूकडे द्या. ही विनंती नाहीये.

डॉक्टरांकडे गेलात की एवढं करा. शुगर आणि बीपीचे रिपोर्ट बरोबर न्या. लघवीसाठी जी गोळी चालू आहे, प्रोस्टेटची, ती डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा, विसरू नका, तसल्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडू शकतो, माहीत असलं की ते तयारीत राहतात. स्वतःहून गोळी बंद करू नका. भिंग कुठलं विचारतील, तर साधं एका अंतराचं घेतलं की लांबचं स्वच्छ दिसेल, पेपर वाचायला चष्मा लागेल, लागू दे. ते महागडं लांबचं-जवळचं दोन्हीवालं आहे त्याने काहींना रात्री दिव्याभोवती कडी दिसतात, तुमचं त्या दिव्यांवरूनच चाललंय तर नीट विचारून घ्या. पैशाचा विषय काढू नका.

आई, तू ड्रॉप्सचं वेळापत्रक फ्रिजवर लाव, त्यांच्या भरवशावर ठेवू नकोस. आणि तू जे विचारलंस, म्हातारपण थांबवायचं औषध येणार का म्हणून, काकू त्यावर पण बोलतात, माणसाची सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये ठेवून पणतवंडांशी गप्पा मारता येतील वगैरे. मला नको असला कॉम्प्युटर. तू पुरणपोळीचं कणीक किती सैल ते मला व्हिडिओ कॉलवर दाखव, मागच्या वेळी सगळ्या पोळ्या फाटल्या.

तारीख मिळाली की संजूला लगेच कळवायला सांगा, त्याप्रमाणे मी तिकीट काढते, एका डोळ्याच्या वेळी तरी मी तिथे असेन असं बघते. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्या बाबा, नंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ देत नाहीत आणि तुम्ही ऐकणार नाही.

तुमची,
मनू