अनोळखी पालकांचे मनःपूर्वक आभार

आमच्या मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश नुकताच निश्चित झाला. या काळात ज्या अनोळखी पालकांनी आपणहून मदत केली, त्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.

सुविधा केंद्राच्या रांगेत भेटलेल्या एका गृहस्थांनी तर आपल्या थोरल्या मुलाची, पेन्सिलीने खुणा केलेली कॉलेजांच्या पर्यायांची यादी आमच्यासमोर उलगडली आणि कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारावीच लागते, म्हणून गेल्या वर्षीच्या कटऑफकडे पाहून नव्हे, तर मुलीच्या खऱ्या इच्छेने क्रम लावा, असे शांतपणे समजावले. माटुंग्याचे व्हीजेटीआय की अंधेरीचे सरदार पटेल, हा कॉलेज निवडीचा घरातला वाद त्यानंतर तिनेच सोडवला, आणि तेच योग्य होते.

एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ते पाहून रडवेल्या झालेल्या आमच्या मुलीला, पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत, तर इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेतले स्थान, हे सांगून सावरणाऱ्या काकूंचेही ऋण मोठे आहे. अधिवास प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत ठेवण्याची आठवण करणाऱ्या ताईंनाही मनःपूर्वक धन्यवाद.